विद्यापीठाच्या कार्यालयातील इंटर्नशिप : नस्ती वाचायची की नुसती उचलायची?

मृद्गंध (धागाकर्ती)

नमस्कार. मी लोकप्रशासन विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे कार्यस्थळ प्रशिक्षण, म्हणजे आपण सगळे ज्याला ओजेटी म्हणतो ते, पूर्ण करावे लागते. एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने ते १२० तासांचे होते. वर्गातील बहुतेकांनी पंचायत समिती, पतसंस्था किंवा एखादी स्वयंसेवी संस्था निवडली. मी मात्र आमच्याच विद्यापीठाचा पात्रता विभाग, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांची कागदपत्रे तपासणारा विभाग, मागून घेतला. पाच वर्षे ज्या इमारतीच्या खिडकीबाहेर रांगेत उभी राहिले, ती आतून कशी चालते याचे कुतूहल होते. (विद्यापीठाचे नाव लिहीत नाही, कृपया विचारू नये.)

पहिले दोन आठवडे मी फक्त अर्जांचे गठ्ठे महाविद्यालयांनुसार लावले, झेरॉक्स काढल्या आणि आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकले. तिसऱ्या आठवड्यात ‘त्रुटी’ असा शेरा मारलेल्या अर्जांचा एक गठ्ठा हाती आला. त्यात धारवाडकडून आलेल्या एका विद्यार्थिनीचा अर्ज होता. तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर केवळ नाव आणि एक आद्याक्षर होते, आडनाव नव्हतेच. आपला ऑनलाइन अर्ज आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून सायबर कॅफेवाल्याने तिथे गावाचे नाव टाकून दिले होते. साहजिकच नोंदणीतले नाव आणि मूळ कागदावरचे नाव जुळेना, आणि तिची पात्रता अडकली. तसेच आणखी अर्ज शोधले तेव्हा त्या एका गठ्ठ्यात चौदा सापडले. दोष एकाही विद्यार्थ्याचा नव्हता.

मी हे कक्षाधिकारी मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, “मग टिपणी लिही.” टिपणी, म्हणजे निर्णयासाठी वरिष्ठांकडे पाठवायचा कार्यालयीन मजकूर, कशी लिहितात हे मला ठाऊक नव्हते, लोकप्रशासनाच्या चार सत्रांत ते कुणी शिकवलेले नाही. वरिष्ठ लिपिकांनी शेजारी बसवून माझ्याकडून ती तीनदा लिहून घेतली. सही अर्थातच त्यांची झाली, कारण प्रशिक्षणार्थीची सही नस्तीवर, म्हणजे फाइलवर, चालत नाही. त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते उरलेल्या सगळ्या तासांत शिकले नाही, आणि ते दोन दिवसही योगायोगानेच मिळाले.

म्हणून हा धागा. विद्यापीठाच्या प्रशासनात विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेणे हे शिक्षण आहे की बिनपगारी मदत? ते शिक्षण व्हावे असे वाटत असेल तर विद्यार्थ्याला नेमके काय दाखवले पाहिजे? ज्यांनी अशा कार्यालयांत काम केले आहे किंवा पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दप्तरदार

मृद्गंध, धागा आवडला. मी एका विद्यापीठातून सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झालो आणि तीसहून अधिक वर्षे नस्त्यांतच गेली, त्यामुळे थोडे लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुमच्या कक्षाधिकारी बाईंनी जे केले तेच खरे प्रशिक्षण. विद्यापीठात निर्णय बैठकीत होतो असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तो बराचसा टिपणीतच होऊन गेलेला असतो. लिपिक वस्तुस्थिती मांडतो, संबंधित नियम किंवा परिनियम उद्धृत करतो, पूर्वी अशा प्रकरणात काय केले होते याचा दाखला जोडतो आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून नस्ती वर पाठवतो. कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि कुलसचिव असा तिचा प्रवास होतो आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक ओळ वाढवते किंवा एक प्रश्न विचारते. ‘चर्चा करावी’ या दोन शब्दांचा शेरा मारून नस्ती खाली पाठवली की ती महिनाभर उठत नाही, हेही त्यातलेच शिक्षण. ज्या विद्यार्थ्याने एक नस्ती पहिल्या पानापासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचली, त्याला संस्था कशी विचार करते ते कळले.

आता कोणता विभाग द्यावा याविषयी. माझ्या मते सर्वांत चांगली शाळा म्हणजे सभा व दप्तर विभाग. एखादा नवा अभ्यासक्रम अभ्यास मंडळात जन्मतो, विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्या परिषदेत येतो. या प्रत्येक ठिकाणची कार्यक्रमपत्रिका, तिला जोडलेली परिशिष्टे आणि नंतरचे इतिवृत्त एकापुढे एक ठेवून वाचले, तर मूळ प्रस्तावातले काय टिकले आणि काय गळले ते उघड दिसते. अधिसभेच्या (सिनेटच्या) अर्थसंकल्पीय बैठकीपूर्वी सदस्यांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे तयार करण्याची जी धावपळ होते, ती तर प्रत्येक लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याने एकदा पाहावीच. एका प्रश्नाच्या उत्तरासाठी चार विभागांतून माहिती मागवावी लागते आणि चारही विभागांचे आकडे वेगवेगळे येतात.

परीक्षा विभागाच्या गोपनीय शाखेत मात्र विद्यार्थ्याला पाऊलही टाकू देऊ नये. आस्थापना विभागातील सेवापुस्तके आणि चौकशीची प्रकरणे यांनाही हेच लागू. यात विद्यार्थ्यावर अविश्वास नाही. उद्या काही फुटले तर पहिले बोट त्याच्याकडेच दाखवले जाईल, म्हणून त्याच्या रक्षणासाठी हे सांगतो.

तर्ककर्कश

दप्तरदार यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यात एक प्रश्न सोयीस्कर रीतीने बाजूला राहिला आहे, असे नम्रपणे नमूद करतो. राज्यातील विद्यापीठांत शिक्षकेतर पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त आहेत, हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको. ज्या टेबलावर लिपिक नाही, त्या टेबलावर विद्यार्थी बसवायचा आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे, ही सोय कोणत्याही कुलसचिवाला मोहात पाडणारी आहे. धागाकर्तीने स्वतःच लिहिले आहे की दोन आठवडे गठ्ठे लावले. ते काम कोणाचे होते?

पैशाचा हिशेबही मांडावा लागेल. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्ण उमेदवाराला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० रुपये आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. ती योजना शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. म्हणजे त्याच कार्यालयात, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पदवीधराला शासन विद्यावेतन देते आणि ओजेटी करणारा विद्यार्थी मात्र त्या चार श्रेयांकांचे शुल्क भरून तेथे येतो. काम करण्यासाठी त्याने पैसे मोजले, असाच याचा सरळ अर्थ होतो. आधी यावर बोलू, मग नस्तीच्या सौंदर्यावर बोलू.

करवीरकर

तर्ककर्कश यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. ‘कमवा आणि शिका’ ही आपल्याकडची जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आमच्या घरात आजोबांच्या तोंडी असायचे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या नावाचे विद्यार्थी भवन ‘कमवा आणि शिका’साठीच ओळखले जाते.

या योजनेचा करार स्वच्छ असतो. विद्यार्थी ग्रंथालयात, उद्यानात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात ठरलेले तास काम करतो, त्या तासांचे पैसे घेतो आणि त्यावर मेस भागवतो. तिथे गठ्ठे लावणे हे काम आहे, त्यात कमीपणा नाही, आणि कोणी त्याला श्रेयांकही देत नाही. मी स्वतः दोन वर्षे ग्रंथालयात पुस्तके लावली आहेत. इंटर्नशिपचा करार उलटा आहे, कारण तिथे विद्यार्थ्याला मिळायची वस्तू म्हणजे शिक्षण. कार्यालयाला काम हवे असेल तर त्याने ‘कमवा आणि शिका’खाली विद्यार्थी घ्यावा आणि पैसे द्यावेत, श्रेयांक द्यायचे असतील तर शिकवावे. घोटाळा होतो तो काम पहिल्या योजनेचे करून घेऊन कागद दुसऱ्या योजनेचा रंगवल्यामुळे.

शुभदा_मावशी

माझी भाची दिल्ली विद्यापीठात शिकते, त्यामुळे तिकडची एक व्यवस्था मला जवळून माहीत झाली. तेथे ‘कुलगुरू इंटर्नशिप योजना’ आहे आणि तिच्यात विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्याच कार्यालयांत व विभागांत घेतले जाते. उन्हाळ्यातील दोन महिन्यांसाठी आठवड्याला पंधरा ते वीस तास काम, तर वर्षाच्या मध्ये अर्धवेळ स्वरूपात आठवड्याला आठ ते दहा तास, असे तिचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत दरमहा विद्यावेतन मिळते. म्हणजे विद्यार्थ्याला पैसेही द्यायचे आणि त्याला प्रशिक्षणार्थीही म्हणायचे, हे अशक्य नाही.

परंतु करवीरकर म्हणतात तो प्रश्न पैसे दिल्याने सुटत नाही, हेही सांगते. भाचीच्या म्हणण्यानुसार सगळे वरिष्ठांवर अवलंबून असते. तिच्या वाट्याला आलेल्या अधिकारी बाई तिला बैठकीचे मुद्दे टिपून घ्यायला सांगत आणि संध्याकाळी स्वतःच्या टिपणाशी ताडून दाखवत. शेजारच्या खोलीतील मुलाने दोन महिने एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात नावे भरली. दोघांना प्रमाणपत्र अगदी एकसारखे मिळाले.

अनिवासी

मी अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात शिकताना दोन वर्षे नोंदणी कार्यालयात काम केले. तेथे विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला सत्र चालू असताना परिसरातच आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते, आणि त्यामुळे ग्रंथालय, भोजनगृह, प्रवेश कार्यालय अशी सर्वच ठिकाणे विद्यार्थ्यांनी भरलेली असतात. तिकडे सगळे आदर्श आहे असे चित्र मला उभे करायचे नाही. बरेचसे काम टेलिफोन उचलण्याचे आणि लिफाफे भरण्याचेच होते.

दोन गोष्टी मात्र आपल्याकडे घेण्यासारख्या वाटतात. पहिली गोपनीयतेची. तिकडे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेसाठी १९७४ चा कायदा आहे, त्याला सगळे ‘फर्पा’ म्हणतात. पहिल्या दिवशी मला संगणकाचा पासवर्ड मिळण्यापूर्वी त्या कायद्याचे प्रशिक्षण घ्यावे लागले, त्यावरची छोटी परीक्षा द्यावी लागली आणि हमीपत्रावर सही करावी लागली. आपल्याकडे आता २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला आहे. मृद्गंध यांनी ते चौदा अर्ज हाताळले तेव्हा त्यांच्याकडून असे काही लिहून घेतले होते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

दुसरी गोष्ट नेतृत्वाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्वोच्च नियामक मंडळावर एक विद्यार्थी सदस्य असतो, त्याला पूर्ण मताधिकार असतो, आणि ही सोय १९७४ च्या घटनादुरुस्तीने झाली. विशेष म्हणजे निवड झाल्यावर तो लगेच मत देऊ लागत नाही. पहिले वर्ष तो नियुक्त सदस्य म्हणून बैठकांना बसतो, कागद वाचतो, चर्चेत बोलतो, पण मत देत नाही. मताधिकार दुसऱ्या वर्षी येतो. त्या पहिल्या वर्षाला कोणी इंटर्नशिप म्हणत नाही, पण माझ्या पाहण्यातील नेतृत्वाची ती सर्वांत चांगली उमेदवारी आहे.

दप्तरदार

अनिवासी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने दुखऱ्या नसेवर बोट ठेवले. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदा गुणवत्तेवर नेमल्या जाऊ लागल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने, त्याच्या कलम ९९ मध्ये, निवडणुका परत आणल्या आणि विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष व सचिवांना अधिसभेत स्थान दिले. २०१९ मध्ये निवडणुकांचे वेळापत्रकही निघाले आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. कागदावर खुर्ची आहे, पण तिच्यावर बसायला कोणी नाही, अशी ती अवस्था.

समजा उद्या निवडणुका झाल्या आणि एखादी मुलगी अधिसभेत पोहोचली. तिच्या हातात अर्थसंकल्पाचे जाडजूड पुस्तक पडेल. त्यातील सुधारित अंदाज आणि मूळ अंदाज यांतला फरक तिला कोण सांगणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीवर एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून असतो. तोही पहिल्या बैठकीत गप्प बसतो, दुसऱ्या बैठकीत थोडा बोलतो आणि तोवर त्याची मुदत संपत येते. कार्यालयातील प्रशिक्षण आणि विद्यार्थी प्रतिनिधित्व हे दोन विषय आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहेत, ही माझी तक्रार आहे. ज्याने सहा आठवडे सभा विभागात काढले आहेत त्याला सभागृहात कोणी सहजासहजी गुंडाळू शकत नाही. कदाचित म्हणूनच त्याला सभा विभागात घेत नसावेत (ही निवृत्तीनंतरची बेफिकिरी समजावी).

तर्ककर्कश

शेवटचे वाक्य या धाग्यातील सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे.

माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याला थोडा आकार देतो. प्रशिक्षणार्थी घेणाऱ्या प्रत्येक विभागाने आधीच लिहून द्यावे की विद्यार्थ्याला कोणत्या प्रकारच्या किमान दोन नस्त्या संपूर्ण वाचायला मिळतील, कोणत्या एका बैठकीला तो मागच्या बाकावर बसेल आणि कोणता एक मसुदा तो स्वतः लिहील. नोंदवही, झेरॉक्स आणि माहिती भरणे यांना एकूण तासांपैकी पाव हिस्स्याची मर्यादा असावी. ती ओलांडली की उरलेले तास ‘कमवा आणि शिका’च्या दराने देय व्हावेत. कार्यालयाला पैसे द्यावे लागले की शिकवण्याची आठवण आपोआप होते.

करवीरकर

पाव हिस्सा ठीक आहे. मी तिसरा हिस्सा म्हटले असते. गठ्ठे लावल्याशिवाय गठ्ठ्यात काय आहे हे कळत नाही, आणि मृद्गंध यांना ते चौदा अर्ज गठ्ठे लावण्याची सवय झाल्यामुळेच दिसले असावेत. हाताने केलेल्या कामाला शिक्षणाच्या बाहेर काढणे मला ‘कमवा आणि शिका’चा विद्यार्थी म्हणून जड जाते. त्याच कामावर १२० तास संपवू नयेत, एवढाच माझा आग्रह आहे.

मृद्गंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

अनिवासी दादा, आमच्याकडून हमीपत्र वगैरे काही घेतले नव्हते. पहिल्या दिवशी शिपाईमामांनी “मोबाइल पिशवीत ठेवा” एवढेच सांगितले. तुमचा प्रश्न वाचल्यावर मात्र मी थोडी घाबरले, कारण त्या अर्जांवर पत्ते, आधार क्रमांक आणि जातीचे दाखले सगळेच होते, आणि मी ते दोन दिवस टेबलावर पसरून बसले होते.

करवीरकर काका, तुमचे बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात तोच गठ्ठा दिला असता तर मला त्यात काहीच दिसले नसते. तर्ककर्कश यांचेही पटते, कारण त्या गठ्ठ्याची वेळ आली नसती तर माझ्या अहवालात लिहिण्यासारखे काहीच नव्हते. अहवाल मी चाळीस पानांचा दिला. त्यात विभागाचा इतिहास, रचना आणि कार्ये असे सगळे होते, आणि टिपणीचा उल्लेख एका परिच्छेदात. मार्गदर्शक सरांनी तोंडी परीक्षेत विभागाच्या स्थापनेविषयी विचारले.

दप्तरदार काका, आपल्याला आवडेल म्हणून सांगते, त्या टिपणीला मान्यता मिळाली. यंदाच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ आली आहे : ‘मूळ गुणपत्रिकेवर आडनाव नसल्यास त्या रकान्यात वडिलांचे नाव लिहावे.’ माझा मूळ मसुदा जवळपास असाच होता. पुस्तिका हातात आली तेव्हा मी ते पान दोनदा उघडून पाहिले.

शुभदा_मावशी

अभिनंदन मृद्गंध! फार छान वाटले. एक शंका मात्र मनात आली ती विचारते. ज्या मुलांना केवळ आईनेच वाढवले आहे आणि ज्यांच्या कागदांवर वडिलांचे नाव नाही, त्यांनी त्या रकान्यात काय लिहायचे?

मृद्गंध

मावशी, हे माझ्या लक्षातच आले नाही. तीनदा लिहिले, तिन्ही वेळा नाही. लिपिक काकांच्याही नाही, आणि वरच्या चार सह्या करणाऱ्यांच्याही नाही.

दप्तरदार

पुस्तिका छापून झाली म्हणून थांबू नका, शुद्धिपत्रक काढता येते. नव्याने लिहा. पहिल्या परिच्छेदात जुन्या टिपणीचा संदर्भ आणि मान्यतेचा दिनांक द्या, दुसऱ्यात फक्त वस्तुस्थिती मांडा आणि तिथे ‘अनवधानाने’ हा शब्द वापरू नका, वरचे लोक त्यावरच अडकून बसतात. ‘आडनाव किंवा वडिलांचे नाव नसल्यास आईचे नाव’ असा पर्याय सुचवण्यापूर्वी संगणक कक्षाला विचारा की आईच्या नावाचा रकाना वेगळा असताना तेच नाव दोनदा आले तर प्रणाली अर्ज स्वीकारते का. त्यांचे उत्तर लेखी घ्या. आता तुम्ही तेथे प्रशिक्षणार्थी नाही, म्हणून टिपणीऐवजी साधा अर्ज करावा लागेल. तो आवक विभागात देऊन पोच घ्या. मसुदा इथे टाकलात तर आज रात्रीच पाहतो.